तर

मंगळवार आणि शुक्रवार, सात ते साडेआठ,
चोडणच्या पंचायतीच्या हॉलमधे
नऊ माणसं, सहा बाकं, एक पंखा.
आज फळ्यावर: इफ आय वेअर.

विश्राम कुंडईकर हात वर करतो.
खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. आता बार्ज
खारफुटीला बांधून ठेवलेली, आणि हा इथे.
"बाय, मी एकटाच ना? मग वॉज का नाय?
आणि गोष्ट आजची, तर क्रियापद कालचं कशाला?"

मी म्हटलं, इंग्रजीत जे नाही
ते भूतकाळात नेऊन ठेवतात,
आपण मोडकी खुर्ची माळ्यावर टाकतो तसं.
जुनं आणि खोटं एकाच खोलीत.
त्याने ते वहीत उतरवलं.
तुम्हाला पटतं का, असं मात्र
त्याने विचारलं नाही. बरं झालं.

कारण मराठीत मी म्हणते, मी असते तर.
"तर"वर बोट ठेवून बघा.
मी असते. रोज असते.
नळाला पाणी येतं तेव्हा असते,
भरतीला मानशीचं दार कुणी उघडं टाकलंय का
ते बघायला बांधावर असते.
दोन अक्षरं झाकली
की नसलेली बाई घरभर वावरू लागते.

पुस्तकात होतं: अ‍ॅज कोल्ड अ‍ॅज आइस.
इझिल्दा मिनेझिस, जूनमधे डब्लिनला चालली
म्हातारी माणसं सांभाळायला,
तिने ते खोडलं. लिहिलं:
अ‍ॅज कोल्ड अ‍ॅज माय मदर्स हँड
बांगड्यांच्या पेटीतून बाहेर काढलेला.
अर्धं वाक्य देवनागरीत.
मी बरोबरची खूण केली.

मग अ‍ॅज इफ. ही टॉक्स अ‍ॅज इफ ही न्यू.
यांचा जणू आला की क्रियापद
एक पाऊल मागे सरतं, अदबीने.
आमचा जणू कसला सरतोय!
जणू काही त्याला सगळं कळतंच,
वर्तमानकाळात, छाती काढून.

रविवारी स्विंडनहून फोन येतो.
मागे ट्रॉल्यांचा आवाज. गोदामात ओव्हरटाइम.
"मी तुझ्या जागी असतो तर
ते खाजन कधीच विकलं असतं."
इंग्रज म्हणतो, मी तू असतो तर.
सरळ अंगात शिरतो.
आपण नुसती जागा मागतो.
मी म्हटलं, जागा आहे की,
भिंतीकडची, तुझीच. इस्त्रीचे कपडे असतात तिथे.
ते उचलीन.

तो हसला. म्हणाला, डिसेंबरात आलो तर बघू.

आलो.
व्याकरणात याला अडचण नाही,
पुढे घडेल न घडेल त्याला आपण
घडून गेल्याचं रूप देतो, सगळेच देतात.
पण मी फोन ठेवून बसले तेव्हा
ते क्रियापद दारात पोचलं होतं,
बूट काढत होतं, घामेजलेलं,
पाणी मागत होतं.

सासरे अजून फेरीबोटीला तर म्हणतात.
तर लागली गो? तर सुटली?
रायबंदरच्या बाजूला दिवे हलतात,
लोखंडी फळी धक्क्यावर आदळते,
स्कूटर आधी उतरतात, मग माणसं.
मी मोजत नाही. दिसतात एवढंच.

विश्रामचा गृहपाठ सगळ्यात शेवटी तपासला.
इफ बार्ज वेअर रनिंग,
आय वुड नॉट बी इन धिस क्लास.
काळ बरोबर. वेअर बरोबर.
लाल पेनने फक्त
बार्जच्या आधी एक "द" घातला.
ती कुठलीही बार्ज नव्हे.